भाटघरचे लॉईड वेगळे, लॉईड जॉर्ज वेगळे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत भाटघर धरणावर पानभर लेख आला. छायाचित्रे उत्तम होती. उन्हाळ्यात वेळवंडी नदीचे पाणी उतरले की कांबरेश्वराचे देऊळ कसे उघडे पडते, ते वर्णनही लेखकाने मन लावून केले आहे. पण मध्येच एक विधान आले आहे की, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांच्यावरून या धरणाला ‘लॉईड धरण’ हे नाव पडले. शेजारच्या चौकटीत याच घराण्याची लंडनला लॉईड्स बँक आणि लॉईड्स विमा संस्था असल्याची जोडमाहिती दिली आहे. यातले एकही विधान बरोबर नाही. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा खोऱ्यात झाली आणि निवृत्तही मी भाटघरवरूनच झालो, त्यामुळे गप्प बसवत नाही. गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले बसतात. त्यांनी ती चौकट कापून वहीत चिकटवलेली मी पाहिली. म्हणून जरा मुळापासून लिहितो. पत्र लांबेल, पण शक्यतो काटछाट न करता छापावे ही विनंती.

धरणाला ज्यांचे नाव दिले ते सर जॉर्ज अँब्रोज लॉईड. डिसेंबर १९१८ ते डिसेंबर १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे सिंधू नदीवर सक्करला जो मोठा बंधारा झाला त्यालाही ‘लॉईड बॅरेज’ हेच नाव मिळाले. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी ज्या खात्याने उभ्या केल्या, ते बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० साली त्यांच्याच कारकिर्दीत निघाले. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह सुरू झाला तोही याच गव्हर्नरांच्या अमदानीत. भाटघरला आधी व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरच्या नावाने ओळखले जाणारे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरण होते. नवे, उंच धरण १९२८ साली पुरे झाले. लॉईडसाहेब तोवर इथून गेले होते, पण काम त्यांच्या काळात चालू होते, म्हणून नाव त्यांचे लागले.

नेमके त्याच सुमारास, डिसेंबर १९१६ ते ऑक्टोबर १९२२, ब्रिटनचे पंतप्रधान होते डेव्हिड लॉईड जॉर्ज. मुंबईत जॉर्ज लॉईड आणि लंडनला लॉईड जॉर्ज अशी परिस्थिती चार वर्षे होती. गल्लत होणारच. पण पंतप्रधान उदारमतवादी पक्षाचे, गव्हर्नर हुजूर पक्षाचे. पंतप्रधान चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेले, गव्हर्नर बँकवाल्यांच्या घरात जन्मलेले. दोघे एकमेकांचे कोणी लागत नव्हते. तरीही दोघांच्या नावातला ‘लॉईड’ एकाच देशातून, एकाच शब्दातून आलेला आहे. तो देश म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला वेल्स. आपण सगळ्यांनाच सरसकट ‘इंग्रज’ म्हणतो, तिथेच अर्धी माहिती हातची जाते.

वेल्श भाषेत ‘ल्हुइड’ म्हणजे करडा. केस पिकलेल्या माणसाला ल्हुइड म्हणत. जुन्या भाषेत तपकिरीकडे झुकणाऱ्या रंगालाही हाच शब्द होता, आणि आजही वेष्टनाच्या खाकी कागदाला तिथे ‘करडा कागद’च म्हणतात. साधुपुरुषासाठी आदराचे विशेषण म्हणूनही तो वापरात होता. आपल्याकडचे काळे, गोरे, पांढरे ज्या जातीचे, त्याच जातीचे हे नाव. एका गावात दोन डेव्हिड असले तर एक डेव्हिड करडा, दुसरा डेव्हिड तांबडा. तांबड्याला ‘कोख’, त्याचे पुढे गॉफ झाले. गोऱ्याला ‘ग्विन’, त्याचे विन. लहान किंवा धाकट्याला ‘व्हखन’, त्याचे व्हॉन. आणि इंग्रजी बोलायला शिकलेल्याला ‘साइस’, तेही आडनाव होऊन बसले.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये या नावाच्या सुरुवातीला दोन ‘एल’ दिसतात, पण वेल्श वर्णमालेत ते एकच अक्षर आहे आणि कोशात त्याला स्वतंत्र जागा आहे. जीभ ‘ल’ म्हणायला लावतो तशी लावायची, घशातून आवाज काढायचा नाही, आणि जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडायची. इंग्रज कारकुनांना हा उच्चार जमेना आणि ऐकूही नीट येईना. कोणी साधा ‘ल’ लिहिला, कोणाला तो ‘फ्ल’ ऐकू आला. फ्लॉईड हे आडनाव असे तयार झाले. लॉईड आणि फ्लॉईड हे एकाच नावाचे दोन कानांनी केलेले दोन अवतार आहेत. मराठी माणसाला ‘कोल्हा’ आणि ‘विल्हेवाट’ म्हणायची सवय असल्यामुळे तो या उच्चाराच्या इंग्रजांपेक्षा बराच जवळ पोचतो. सतराव्या शतकात या नावाचा एक मोठा विद्वान होऊन गेला, एडवर्ड ल्हुइड (१६६० ते १७०९). ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा तो प्रमुख होता. त्याच्या वडिलांच्या घराण्याचे स्पेलिंग लॉईड असे होते. याने मात्र स्वतःचे नाव हट्टाने ‘एल’पुढे ‘एच’ घालून लिहिले, उच्चार कळावा म्हणून. १७०७ साली त्याने वेल्श, ब्रेटन, कॉर्निश, आयरिश या भाषा शेजारी शेजारी मांडून त्यांचे नाते दाखवणारा ग्रंथ छापला. वेल्सच्या डोंगरकड्यांवर त्याला सापडलेल्या एका नाजूक लिलीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे त्याच्या नावावरून ‘लॉईडिया’ म्हटले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. साहेबाच्या विद्यापीठात बसून आपल्या नावातले एक अक्षर सांभाळणे सोपे नसते.

आता महत्त्वाचा भाग. वेल्समध्ये पूर्वी आडनाव ही गोष्टच नव्हती. माणसाचे नाव, मग ‘आप’ म्हणजे मुलगा, मग बापाचे नाव. आपण अजूनही नावापुढे वडिलांचे नाव लावतो, पण आपण तिथे थांबून आडनाव लावतो. ते थांबत नसत. अमुक आप तमुक आप फलाणा, असे पणजोबाच्याही पलीकडे जात. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या धर्मगुरूने आपल्या देशाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात तो म्हणतो की, इथल्या अगदी सामान्य माणसालाही सहा-सात पिढ्यांची नावे तोंडपाठ असतात.

ही हौस नव्हती, गरज होती. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई, आणि वाटणीचा हक्क एका पणजोबाच्या वंशजांपर्यंत पोचत असे. चुलत्या-पुतण्यांत वाटप करायचे तर पणजोबा कोण हे सांगता आलेच पाहिजे. म्हणजे माणसाचे लांबलचक नाव हाच त्याचा सातबारा होता. बायकांचेही तसेच. ‘अमक्याची लेक’ असे त्यांचे नाव असे, आणि लग्नानंतर ते बदलत नसे. ही चाल वेल्समध्ये इंग्लंडपेक्षा खूप उशिरापर्यंत टिकली. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात मुलीचे नावसुद्धा बदलले जाते हे मनात आणले की, मला त्या वेल्श बायकांचा हेवा वाटतो.

१५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला. कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. जमीन सगळ्या मुलांत वाटण्याची जुनी पद्धत बंद होऊन इंग्रजी रीतीप्रमाणे थोरल्याकडे जाऊ लागली. मग पणजोबापर्यंतची साखळी कोणाला हवी? कारकुनाला हवे होते एक नाव आणि एक आडनाव. त्या काळात सीमाभागाच्या मंडळाचा प्रमुख असलेला रोलंड ली हा बिशप फार कडक होता. एका खटल्यात पंचांची ‘आप, आप’ करणारी नावे ऐकून तो वैतागला आणि प्रत्येकाने शेवटचे नाव किंवा राहत्या जागेचे नाव लावावे असे त्याने फर्मावले, अशी गोष्ट तिथे सांगतात. मोस्टिन या मातबर घराण्याने गावाचे नाव आडनाव म्हणून लावले ते तेव्हापासून, असे त्या गोष्टीचे पुढचे अंग आहे.

मग आडनावे तयार झाली ती अशी. आप ऱ्हीस म्हणता म्हणता प्राइस झाले, आप हवेलचे पॉवेल, आप हॅरीचे पॅरी, आप रिचर्डचे प्रिचर्ड, आब ओवेनचे बोवेन, आब इव्हानचे बेव्हन. ‘आप’मधला ‘प’ पुढच्या नावाला चिकटून बसला. जिथे हे झाले नाही तिथे बापाच्या नावाला इंग्रजी पद्धतीने ‘स’ लागला आणि जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांची रास पडली. हा बदल एका दिवसात झाला नाही. जमीनदारांनी लवकर केला, गरिबांनी दोन-अडीचशे वर्षे घेतली. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात बापाचेच नाव लावण्याची रीत एकोणिसाव्या शतकातही दिसते.

याचे आपल्या परिचयाचे एक उदाहरण देतो. कलकत्त्याला बसून १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळातून आल्या असाव्यात असे सांगणारे सर विल्यम जोन्स आपल्याला माहीत आहेत. त्यांचे वडीलही विल्यम जोन्स, आणि वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले प्रमाण दाखवायला १७०६ साली ‘पाय’ हे चिन्ह वापरणारे गणिती तेच. ते वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या एका शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांचे नाव होते शोन शोर. शोन म्हणजे जॉन, जॉनचा मुलगा म्हणून हा जोन्स. जगप्रसिद्ध जोन्स घराण्याचे आडनाव त्या गणित्यापासूनच सुरू होते, मागे शोधत गेले तर दुसऱ्याच पिढीला हाती लागत नाही. दोन जोन्स भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

लॉईडचेही हेच. करड्या केसांचे लोक प्रत्येक खोऱ्यात होते. प्रत्येक खोऱ्यात एखाद्याचे टोपणनाव गोठले आणि त्याची मुलेबाळे, केस काळे असले तरी, करडी म्हणून ओळखली जाऊ लागली. सोळाव्या शतकात वेल्सचा नकाशा करणारे डेनबीचे हम्फ्री ल्हुइड (त्यांच्या मृत्यूनंतर, १५७३ साली तो नकाशा छापला गेला) एका लॉईड घराण्यातले. ऑक्सफर्डचे एडवर्ड ल्हुइड दुसऱ्या. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉईड राइट यांचे मधले नाव त्यांच्या आईकडचे. तिचे माहेर, लॉईड जोन्स, कार्डिगनशायरमधून विस्कॉन्सिनला गेलेले. लंडनच्या विमा बाजाराचे नाव एडवर्ड लॉईड नावाच्या कॉफीहाउसवाल्यावरून पडले. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याकडे जहाजवाले आणि व्यापारी जमत आणि तिथेच विम्याचे सौदे होत. त्याचा आणि लॉईड्स बँकेचा काडीचा संबंध नाही. आपल्या चौकटीत या सगळ्यांना एकाच छपराखाली बसवले आहे.

पंतप्रधानांचे आधी सांगून टाकतो. त्यांचे खरे आडनाव जॉर्ज. वडील विल्यम जॉर्ज हे शिक्षक. डेव्हिडचा जन्म १८६३ साली मँचेस्टरचा, आणि तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील वारले. आई एलिझाबेथ, माहेरची लॉईड, मुलांना घेऊन वेल्समध्ये क्रिकिथजवळच्या ल्हानस्तिमदुई या खेड्यात भावाकडे आली. हे मामा म्हणजे रिचर्ड लॉईड. पायताणे शिवायचे आणि रविवारी प्रार्थनामंदिरात प्रवचन करायचे. भाच्याला वकील करायचा तर फ्रेंच आणि लॅटिन हवे, आणि शिकवणीला पैसे नाहीत, म्हणून मामांनी कोश आणि व्याकरण समोर ठेवून स्वतः त्या भाषा शिकत भाच्याला शिकवल्या. डेव्हिडने मामाचे आडनाव आपल्या नावात आयुष्यभर वागवले. धाकटा भाऊ मात्र विल्यम जॉर्जच राहिला. एका आईची दोन मुले, एक लॉईड जॉर्ज आणि एक जॉर्ज. ब्रिटनच्या पंतप्रधानांत ज्याची मातृभाषा वेल्श होती असा हा एकच. मामाच्या ऋणातून आलेल्या त्या नावावर भाटघरचे कर्ज कशाला चढवायचे?

आता भाटघरचे लॉईड. यांचे मूळ मध्य वेल्समध्ये, जुन्या माँटगोमेरीशायर परगण्यात मायवॉड गावाजवळ, डोलोब्रान नावाच्या जागी आहे. माझी मुलगी श्रूजबरीला रुग्णालयात नोकरी करते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी मला गाडीने तिकडे नेले. रस्त्यावरच्या पाट्यांवर वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषा, दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणे आणि उंच कुंपणझाडी. पाँट्रॉबर्टच्या अलीकडे एक अरुंद वाट आडबाजूला जाते आणि तिथे झाडीत विटांची एक लहानशी बैठी इमारत आहे. कळस नाही, घंटा नाही, क्रूस नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे हे सभागृह १७०० साली लॉईड मंडळींनी बांधले. ज्या घराण्याच्या नावाने पुढे बँका आणि बंधारे उभे राहिले, त्याचे देवघर हे एवढेसे.

घराण्याच्या वंशावळीत येयान तेग नावाचा एक पूर्वज येतो. ‘तेग’ म्हणजे देखणा. त्याच्या वंशजांनी लॉईड हे नाव धरले, म्हणजे देखण्याचे पुढे करडे झाले. पूर्वजांचे ठिकाण म्हणून त्याच वंशावळीत ल्हुइडियार्थ या जवळच्याच गावाचे नाव येते आणि त्या गावाच्या नावातही हाच ‘ल्हुइड’ बसलेला आहे. नाव डोक्यावरच्या केसांवरून आले की डोंगराच्या रंगावरून, यावर वाद घालत बसण्यापेक्षा मला त्या घरातला चार्ल्स लॉईड महत्त्वाचा वाटतो.

चार्ल्स (१६३७ ते १६९८) हा ऑक्सफर्डला शिकलेला, जमीनजुमला असलेला माणूस. १६६२ साली तो क्वेकर झाला. क्वेकर लोक शपथ घेत नाहीत. माणसाने नेहमीच खरे बोलावे, शपथेवर एक खरे आणि एरवी दुसरे असे असूच नये, हे त्यांचे म्हणणे. राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घे म्हटल्यावर चार्ल्सने नकार दिला आणि त्याला वेल्शपूलच्या तुरुंगात टाकले. धुराने भरलेल्या एका लहान खोलीत तो गवतावर झोपे. पेंब्रुकशायरच्या मोठ्या घरची त्याची बायको एलिझाबेथही त्याच्याबरोबर त्या गवतावर येऊन राहिली. एका सहकैद्याने हे लिहून ठेवले आहे. त्याची मालमत्ता जप्त झाली. तो दहा वर्षे या ना त्या प्रकारे कैदेत होता, १६७२ साली राजाने सवलतीचा जाहीरनामा काढला तेव्हा सुटला. दुसरा मुलगा सॅम्पसन या कैदेच्या काळातच, १६६४ साली जन्मला. चार्ल्सचा धाकटा भाऊ थॉमस १६८३ साली अमेरिकेला गेला आणि विल्यम पेनच्या पेन्सिल्व्हेनिया वसाहतीत डेप्युटी गव्हर्नर झाला.

सॅम्पसनने १६९८ साली वेल्स सोडले आणि तो बर्मिंगहॅमला लोखंडाच्या व्यापारात शिरला. बर्मिंगहॅमच का? सनदी शहरांत राजमान्य चर्चबाहेरच्या पंथांवर नाना बंधने होती. बर्मिंगहॅमला तेव्हा शहराची सनद नव्हती, म्हणून तिथे क्वेकरांना श्वास घेता येत होता. क्वेकर शब्दाला पक्के, त्यांच्याकडे पैसे ठेवले तर बुडत नाहीत, हा लौकिक. सॅम्पसनच्या मुलाने, त्याचेही नाव सॅम्पसन, १७६५ साली जॉन टेलर या बटणे बनवणाऱ्या कारखानदाराबरोबर ‘टेलर्स अँड लॉईड्स’ ही पेढी काढली. पुढे १८६५ साली तिची भागधारकांची कंपनी झाली. तीच आजची लॉईड्स बँक. मूळची लंडनची नव्हे, बर्मिंगहॅमची. शपथ न घेतल्यामुळे गाव सुटले, गाव सुटल्यामुळे व्यापारात पडले आणि व्यापारातून बँक निघाली.

डोलोब्रानची जमीन अठराव्या शतकात घराण्याच्या हातून गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा विकत घेतली गेली. तोवर हे लोक क्वेकर राहिले नव्हते. जॉर्ज अँब्रोज लॉईड १८७९ साली जन्मले ते या शाखेत, वॉरिकशायरमधल्या ऑल्टन हॉल या घरी. मुंबईहून परतल्यावर १९२५ साली त्यांना सरदारकी मिळाली आणि त्यांनी किताब घेतला तो ‘बॅरन लॉईड ऑफ डोलोब्रान’. पुढे ते इजिप्तचे हाय कमिशनर झाले, १९४० साली चर्चिलच्या मंत्रिमंडळात वसाहतमंत्री झाले आणि १९४१ मध्ये वारले. ती सरदारकी त्यांच्या मुलाच्या मृत्यूबरोबर १९८५ साली संपली.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मार्च १९२२ मध्ये साबरमतीला गांधीजींना अटक झाली ती याच जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने केली. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याला येरवड्यात आणले. ज्याच्या आठव्या-नवव्या मागच्या पिढीतल्या माणसाने सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून राजाची शपथ नाकारली आणि कैदेत दहा वर्षे काढली, त्याच घरातला माणूस सद्सद्विवेकापायी कायदा मोडणाऱ्याला तुरुंगात धाडतो. डोलोब्रानच्या त्या सभागृहाच्या दारात उभा असताना माझ्या मनात दुसरे काही आले नाही. आडनाव वारशाने मिळते, वृत्ती मिळेलच असे नाही, हे मला तिथे फार लागले.

आणखी एक, हे माझ्या धंद्यातले म्हणून सांगतो. डोलोब्रान ज्या व्हर्नवी नदीच्या खोऱ्यात आहे, त्याच नदीवर वर एक मोठे दगडी धरण आहे. लिव्हरपूल शहराला पाणी द्यायला ते १८८० च्या दशकात बांधले. दरवाजे नाहीत, पुराचे पाणी सरळ भिंतीच्या माथ्यावरून सांडते, आणि भिंतीच्या दगडाला दगड असा बसवला आहे की पाहत राहावे. त्या तलावाखाली ल्हानूदिन नावाचे गाव गेले. घरे, चर्च, शेते सगळे. स्मशानातले मृतदेह उकरून नव्या जागी नेऊन पुरले. पाणी गेले इंग्लंडच्या शहराला. भाटघरला वेळवंडी खोऱ्यातली गावे उठली आणि पाणी खाली बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला गेले, हे आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. त्या गावाविषयी जावई वाचून दाखवत होते तेव्हा मला परक्या देशाची गोष्ट ऐकतो आहे असे वाटलेच नाही. लॉईड या नावाचे माणसे उठवणाऱ्यांशी जेवढे नाते आहे, तेवढेच उठवल्या गेलेल्यांशीही आहे. ल्हानूदिनमध्येही लॉईड असणारच, वेल्समधले एकही खोरे त्यांच्यावाचून नाही.

धरणाला पुन्हा लॉईडचे नाव लावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. जलाशयाला येसाजी कंकांचे नाव दिले ते योग्यच झाले. भुतोंड्याचा हा वीर याच मातीतला. पण साडेतेवीस टीएमसीच्या या धरणाच्या जुन्या नकाशांवर, नोंदवह्यांत आणि सरकारी अहवालांत ‘लॉईड डॅम’ असेच लिहिलेले आहे आणि अभ्यास करणाऱ्याला ते वाचावेच लागते. तेव्हा ते लॉईड कोण होते हे बरोबर सांगितले पाहिजे. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांसाठी माहितीफलक लावायचे घाटत आहे असे ऐकतो. त्यावर आपल्या लेखातला मजकूर जसाच्या तसा उतरवला जाण्याआधी दुरुस्ती छापून यावी.

दुरुस्तीत कृपया ‘इंग्रज गव्हर्नर’ असे मोघम न लिहिता, माँटगोमेरीशायरमधल्या डोलोब्रानच्या लॉईड घराण्यातले सर जॉर्ज लॉईड, असे लिहावे. बँकेचा उल्लेख ठेवायचा तर तो यांच्याकडे ठेवावा आणि विमा बाजाराचा काढून टाकावा. पुढच्या रविवारी पुण्यातल्या पुलांवर लेख येणार असल्याचे पुरवणीत जाहीर झाले आहे. महापालिकेजवळचा मुठेवरचा नवा पूल, म्हणजे आजचा शिवाजी पूल, १९२३ साली झाला तेव्हा त्याचे नाव ‘लॉईड ब्रिज’ होते. तेही गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्यावरूनच, पंतप्रधानांवरून नव्हे. लेख छपाईला जाण्याआधी ते लेखकांच्या कानावर घालावे.

आपला,
निवृत्त शाखा अभियंता, पाटबंधारे खाते
भोर, जि. पुणे